रक्तवाढीचे थेंब आणि बाळाचा ताप

पावसाळा लागला की पुण्यातल्या बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "आयर्नचे थेंब चालू आहेत आणि बाळाला ताप भरलाय. थेंब द्यायचे की बंद करायचे?" याला जोडून आणखी एक प्रश्न असतो, तो सहसा तोंडावर येत नाही. या थेंबांमुळेच तर बाळ आजारी पडलं नाही ना?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. ताप, जुलाब किंवा न्यूमोनिया असेपर्यंत थेंब थांबवायचे, आणि बाळ बरं होऊन खायला लागलं की त्याच आठवड्यात पुन्हा सुरू करायचे. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत देता येत नाही. भीती अगदीच निराधार नाही, पण ती कुठे लागू पडते आणि कुठे नाही, हे समजून घेतलं तरच औषध नीट देता येतं.

लोह जसं बाळाला लागतं तसंच ते जंतूंनाही लागतं. ई. कोलाय, साल्मोनेला, शिगेला या जुलाब करणाऱ्या जिवाणूंना वाढायला लोह हवंच असतं. ते मिळवण्यासाठी हे जिवाणू लोहाला घट्ट पकडणारे रेणू बाहेर सोडतात आणि लोहासकट परत आत ओढून घेतात. म्हणून आपल्या शरीराने लोह लपवून ठेवायची सोय केलेली आहे. रक्तात ते ट्रान्सफेरिन नावाच्या प्रथिनाला बांधलेलं असतं. आईच्या दुधात लॅक्टोफेरिन असतं, ते आतड्यातलं मोकळं लोह धरून ठेवतं. आईच्या दुधात लोह मुळातच फार थोडं असतं, लिटरमागे अर्धा मिलिग्रॅमही नाही, पण त्यातलं बरंचसं बाळाच्या अंगी लागतं. संसर्ग झाला की यकृत हेप्सिडिन हे संप्रेरक वाढवतं. त्यामुळे आतड्याच्या पेशींचं रक्तात लोह सोडणारं दार बंद होतं आणि साठ्यातलं लोहही बाहेर येत नाही. तापात थेंब थांबवायचे ते यासाठी. त्या दिवसांत दिलेलं औषध रक्तात पोहोचतच नाही, ते आतड्यातच राहतं.

आतड्यात राहणारं हे लोह हाच या विषयाचा गाभा आहे. साडेबारा मिलिग्रॅमचा डोस दिला तर निरोगी बाळातही त्यातलं साधारण दहावा हिस्सा लोह शोषलं जातं. उरलेलं अकरा-एक मिलिग्रॅम मोठ्या आतड्यात जातं. स्तनपान करणाऱ्या बाळाच्या मोठ्या आतड्यात बिफिडोबॅक्टेरिया आणि लॅक्टोबॅसिलस या उपकारक जिवाणूंचं राज्य असतं, आणि त्यांना लोहाची गरज अगदी कमी. अचानक लोहाचा पुरवठा वाढला की फायदा त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांना होतो. केनियात सहा महिन्यांच्या बाळांना जेवणात मिसळायची लोहयुक्त पावडर देऊन त्यांची शी तपासली, तेव्हा नेमकं हेच दिसलं. बिफिडोबॅक्टेरिया घटले, ई. कोलाय-शिगेला गटातले जिवाणू वाढले आणि आतड्याला सूज असल्याची खूण मानलं जाणारं कॅलप्रोटेक्टिनही वाढलं. हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. पाकिस्तानातल्या २०१३च्या मोठ्या अभ्यासातही लोहयुक्त पावडर घेणाऱ्या मुलांमध्ये जुलाबाचे दिवस जास्त भरले. त्याच्या बऱ्याच आधी, २००२ साली, डॉ. गेरा आणि डॉ. सचदेव या भारतीय बालरोगतज्ज्ञांनी तोवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले होते. त्यांचा निष्कर्ष असा की लोहामुळे एकूण संसर्ग वाढत नाहीत, जुलाबाचा धोका मात्र किंचित, साधारण ११ टक्क्यांनी, वाढतो.

मृत्यूची भीती कुठून आली तेही सांगायला हवं, कारण अर्धवट बातमी व्हॉट्सॲपवर फिरते. झांझिबारमधल्या पेंबा बेटावर १ ते ३५ महिन्यांच्या मुलांना रोज साडेबारा मिलिग्रॅम लोह आणि फोलिक ॲसिड दिलं जात होतं. वर्षाच्या आतल्यांना त्याच्या निम्मं. लोह घेणाऱ्या मुलांमध्ये मृत्यू किंवा रुग्णालयात भरती होण्याचं प्रमाण १२ टक्क्यांनी जास्त निघालं, म्हणून ऑगस्ट २००३ मध्ये लोह देणं थांबवलं. निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. पेंबात तेव्हा मलेरिया बारमाही आणि प्रचंड होता. त्याच आराखड्याचा अभ्यास नेपाळच्या तराईत झाला, जिथे मलेरिया जवळपास नव्हता. तिथे लोहामुळे मृत्यू वाढले नाहीत, घटलेही नाहीत. पेंबातलीच आणखी एक गोष्ट बातमीत कधी येत नाही. ज्या मुलांना सुरुवातीलाच लोहाची कमतरता आणि ॲनिमिया (रक्तात हिमोग्लोबिन कमी असणं) होता, त्यांना लोहाने फायदाच झाला. नुकसान झालं ते मुख्यतः ज्यांना गरज नव्हती त्यांचं.

त्याहून जुनं उदाहरण न्यूझीलंडचं आहे. १९७०च्या दशकात तिथल्या पॉलिनेशियन नवजात बाळांना जन्मानंतर लगेच लोहाचं इंजेक्शन देत. त्या बाळांमध्ये ई. कोलायचा रक्तातला संसर्ग वाढला, इंजेक्शनं बंद केल्यावर तो ओसरला. पण ते मोठ्या मात्रेचं, थेट स्नायूत दिलेलं लोह होतं. तोंडाने दिलेल्या थेंबांची त्याच्याशी बरोबरी होत नाही.

माझ्या मते सगळ्यांत बोलका अभ्यास स्वीडन आणि होंडुरासचा आहे, २००२चा. अंगावर पिणाऱ्या बाळांना चौथ्या ते नवव्या महिन्यापर्यंत लोहाचे थेंब दिले. ज्यांचं हिमोग्लोबिन सुरुवातीला ११च्या (ग्रॅम प्रति डेसिलिटर) खाली होतं, त्यांचे जुलाब कमी झाले. ज्यांचं ११ किंवा जास्त होतं, त्यांचे जुलाब वाढले. औषध एकच, बाळ वेगळं, परिणाम उलटा. लोह हे टॉनिक नाही. "अंगाला लागेल, देऊन ठेवा" या न्यायाने ते द्यायचं नसतं, आणि गरज असलेल्या बाळाला भीतीपोटी नाकारायचंही नसतं.

नाकारण्याचं नुकसान कमी लेखू नका. लोहाची कमतरता असलेल्या बाळाची प्रतिकारशक्तीही लुळी पडते. केनियातच असं दिसलं की लसीकरणाच्या वेळी ॲनिमिया असलेल्या बाळांमध्ये घटसर्प आणि न्यूमोकोकसच्या लसीनंतर प्रतिपिंडं कमी तयार होतात. पहिल्या दोन वर्षांत मेंदूची वाढ झपाट्याने होते आणि तिला लोह लागतं. इथे प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगायला हवी. बांगलादेशात आठ महिन्यांच्या ३३०० बाळांवर झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तीन महिने लोह दिल्यावर ॲनिमिया घटला, पण बौद्धिक विकासात फरक दिसला नाही. म्हणून "थेंब दिले की बाळ हुशार होतं" असं कोणी सांगत असेल तर ते खरं नाही.

आता पुण्याकडे येऊ. शहरात आणि आसपास मलेरियाचं ओझं कमी आहे, त्यामुळे पेंबाची भीती इथे जशीच्या तशी लागू होत नाही. गडचिरोलीत ती वेगळ्या गांभीर्याने घ्यावी लागते. तिथेही उपाय लोह बंद करणं हा नाही. मच्छरदाणी आणि वेळेवर मलेरियाचे उपचार मिळत असतील तर लोहामुळे मलेरिया वाढत नाही, असं एकत्रित पुरावे सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेची २०१६ची शिफारसही तशीच आहे. ॲनिमियाचं प्रमाण ४० टक्के किंवा जास्त असलेल्या भागांत ६ ते २३ महिन्यांच्या बाळांना वर्षातले सलग तीन महिने रोज १० ते १२.५ मिलिग्रॅम लोह द्यावं, आणि मलेरियाच्या भागात मलेरिया प्रतिबंधाच्या जोडीनेच. पुण्यातला खरा धोका जुलाबांचा, म्हणजेच पाण्याचा आहे. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता परिसरात गियाँ-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराची साथ आली, तेव्हा काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा पोटाचा जिवाणू सापडला होता. टँकरच्या पाण्यावर राहणाऱ्या सोसायट्यांनी आणि टाकी महिनोन् महिने न धुणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. बाळाला लोह चालू असेल तर पाणी खळखळून उकळलेलं हवं, एक मिनिट तरी. वाटी-चमचा धुतलेला, हात साबणाने धुतलेले, आणि बाटली तर नकोच. लोह देणाऱ्या घरात पाणी स्वच्छ करणं हा उपचाराचाच भाग आहे.

गरज कोणाला असते? पूर्ण दिवसांच्या, चांगल्या वजनाच्या बाळाला जन्मतः मिळालेला साठा साधारण सहा महिने पुरतो. नाळ कापण्यापूर्वी एक ते तीन मिनिटं थांबलं तर तो आणखी वाढतो. हे फुकट मिळणारं लोह आहे, आणि त्याने जुलाब होत नाहीत. प्रसूतीआधी डॉक्टरांना जरूर विचारा. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा साठा मात्र लवकर संपतो. त्याला सहा महिन्यांची वाट न पाहता पहिल्या दोन महिन्यांतच, डॉक्टरांनी वजनानुसार ठरवून दिलेलं लोह सुरू होतं, सहसा रोज किलोमागे २ ते ४ मिलिग्रॅम. "एवढ्या लहान बाळाला आयर्न उष्ण पडेल" म्हणून आजीने ते थांबवू नये.

सहा महिन्यांनंतर कमतरता येते ती बहुतेक वेळा वरच्या आहारातून. भाताची पेज, वरणाचं नुसतं पाणी, आणि दिवसभर पिशवीचं दूध. गाईच्या दुधात लोह नगण्य असतं, शोषण कमी, आणि वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यातून त्यामुळे नकळत थोडं रक्तही जाऊ शकतं. वर्षानंतरही दिवसाला अर्ध्या लिटरपेक्षा जास्त दूध नको. वरणाचं पाणी नाही, डाळ घोटून घातलेली घट्ट खिमटी द्यावी. मोड आणून भाजून दळलेली नाचणी साध्या नाचणीपेक्षा बरी, कारण मोड आल्यावर लोह अडवणारं फायटेट घटतं. वर लिंबाचे दोन-चार थेंब पिळावेत. घरात चालत असेल तर अंडं आणि मऊ शिजवलेलं चिकन सहाव्या-सातव्या महिन्यापासून द्यावं. मांसातलं लोह सगळ्यांत सहज शोषलं जातं. बीट आणि गुळावर मात्र फार भिस्त ठेवू नका. बीटाचा लाल रंग लोहाचा नसतो.

तपासणीत पुष्कळ चुका होतात. ताप असताना किंवा नुकताच उतरल्यावर हिमोग्लोबिन तपासलं तर ते संसर्गामुळेही कमी येतं. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं प्रथिन, उलटं वागतं. संसर्गात ते वाढतं, त्यामुळे कमतरता झाकली जाते. पाच वर्षांच्या आतल्या मुलात निरोगी असताना फेरिटिन १२च्या (मायक्रोग्रॅम प्रति लिटर) खाली म्हणजे कमतरता. संसर्ग असेल तर ही रेषा ३० धरतात. म्हणून फेरिटिनबरोबर सीआरपी, म्हणजे अंगात संसर्ग किंवा सूज आहे का हे दाखवणारी तपासणी, मागवावी, आणि शक्य असेल तर आजारानंतर दोन-तीन आठवडे थांबून रक्त द्यावं. हिमोग्लोबिनची रेषा आपल्या सरकारी कार्यक्रमात ११ आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये ६ ते २३ महिन्यांसाठी ती १०.५ केली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली ६ ते ५९ महिन्यांची ६८.९ टक्के मुलं ॲनिमियाची निघाली. ते बोटातून घेतलेल्या थेंबावरचं मोजमाप आहे. शिरेतलं रक्त तपासणाऱ्या २०१६-१८च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १ ते ४ वर्षांच्या मुलांमध्ये देशभराचा आकडा ४१ टक्क्यांच्या आसपास आला, आणि लोहाची कमतरता तर सुमारे ३२ टक्क्यांतच होती. फिकट दिसणाऱ्या प्रत्येक बाळात लोहच कमी असतं असं नाही.

पुण्यात आणखी दोन कारणं डोळ्यांपुढे ठेवावीत. आई शाकाहारी असेल आणि बाळ फक्त अंगावर पीत असेल, तर बी-१२ची कमतरता बघावी. त्यात लाल पेशी आकाराने मोठ्या होतात, बाळ मंदावतं, कधी हात थरथरतात आणि बोटांच्या सांध्यांवर काळसरपणा येतो. दुसरं म्हणजे थॅलेसेमिया, हिमोग्लोबिन नीट न बनण्याचा आनुवंशिक आजार. सिंधी, लोहाणा, कच्छी अशा काही समाजांत त्याचे वाहक जास्त आढळतात, पण इतर कुणातही असू शकतात. पेशी बारीक आहेत, एमसीव्ही (लाल पेशीचा सरासरी आकार) कमी आहे, पण लाल पेशींची संख्या भरपूर आहे, असा अहवाल असेल तर एमसीव्हीला त्या संख्येने (दशलक्षांत) भागा. उत्तर १३च्या खाली आलं तर महिनोन् महिने आयर्न देण्याआधी हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या थॅलेसेमिया ओळखणाऱ्या तपासण्यांबद्दल डॉक्टरांशी बोला. थॅलेसेमिया मेजर, म्हणजे या आजाराचा गंभीर प्रकार, असलेल्या बाळाला लोह देणं म्हणजे आधीच साठत चाललेल्या लोहात भर, आणि लोह साठलेल्या शरीरात काही जिवाणूंचे गंभीर संसर्ग खरोखरच होतात.

डोसाचं गणित आता बघू. सगळ्यांत जास्त गोंधळ इथेच होतो. डोस नेहमी मूलद्रव्य लोहात, म्हणजे निव्वळ लोहात मोजतात, लोहाच्या क्षाराच्या (संयुगाच्या) वजनात नाही. फेरस फ्युमरेटमध्ये ३३ टक्के लोह असतं, ग्लुकोनेटमध्ये सुमारे १२. लेबलवर "समतुल्य मूलद्रव्य लोह" अशा अर्थाच्या ओळीत जो आकडा असतो तोच धरायचा, आणि तो एका मिलीमागे आहे की पाच मिलीमागे, हे बघायचं. उपचाराचा डोस रोज किलोमागे ३ मिलिग्रॅम. आठ किलोच्या बाळाला २४ मिलिग्रॅम. मिलीला १० मिलिग्रॅमचे थेंब असतील तर हे २.४ मिली झाले. मिलीला २५चे असतील तर एक मिलीपेक्षाही कमी. पाच मिलीला ३० मिलिग्रॅमचं सिरप असेल तर ४ मिली. औषधाच्या दुकानात "तेच आहे, दुसऱ्या कंपनीचं" म्हणून बाटली बदलून मिळाली आणि मिलीचा आकडा तोच ठेवला, तर डोस अडीचपट होऊ शकतो किंवा अर्ध्याहून कमी. बाटली बदलली की गणित नव्याने करायचं. मोजायला सिरिंज किंवा बाटलीसोबतचा ड्रॉपर घ्या. घरातला चमचा कधीच पाच मिलीचा नसतो.

ॲनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात, २०१८पासून, ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा १ मिली सिरप मिळतं. त्यात २० मिलिग्रॅम लोह आणि १०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असतं. ही बाटली आशाताई देतात. हा प्रतिबंधाचा डोस आहे. ॲनिमिया निघाला तर तेच सिरप रोज दिलं जातं, ६ ते १२ महिन्यांच्या बाळाला १ मिली, एक ते तीन वर्षांच्या मुलाला दीड मिली, दोन महिने. खासगी डॉक्टरांचे थेंबही चालू आणि अंगणवाडीतलं सिरपही चालू, अशी दुहेरी मात्रा पुण्यात सर्रास होते, कारण दोघांना एकमेकांचं कळवलेलं नसतं. दोन्हीकडे दोन्ही बाटल्या दाखवा आणि एकच चालू ठेवा. जन्मतः कमी वजन नसेल आणि ॲनिमियाही नसेल, तर आठवड्यातून दोनदा देण्याची पद्धत मला रोजच्या थेंबांपेक्षा पटते. मधल्या दिवसांत आतड्याला उसंत मिळते.

थेंब द्यायची वेळ दोन दुधांच्या मध्ये, दुधापासून तासभर दूर. दुधातलं कॅल्शियम लोह अडवतं, चहाचा तर बाळाजवळ प्रश्नच नको. पोटाला झेपत नसेल तर खाल्ल्यानंतर द्या. थोडं कमी शोषलं गेलं तरी नियमित दिलेलं लोह उलटून पडलेल्या लोहापेक्षा बरं. थेंब जिभेच्या मागच्या बाजूला, गालाच्या आत सोडा आणि वर पाणी पाजा, म्हणजे दातांवर काळा थर बसत नाही. शी काळी-हिरवट होते, ते चालतं. डांबरासारखी चिकट, घाण वासाची किंवा लालसर झाली तर दाखवा. सेफडिनिर हे अँटिबायोटिक लोहाबरोबर घेतल्यास शी विटकरी-लाल होते, ते रक्त नसतं. तरी डॉक्टरांना सांगा. उपचार लागू पडला तर महिन्याभरात हिमोग्लोबिन किमान १ ग्रॅमने वाढतं. वाढलं नाही तर डोस वाढवत बसू नका, निदान पुन्हा तपासा.

आता थांबवण्याबद्दल. ताप, जुलाब, न्यूमोनिया यांत थांबवा. ताप नसलेली सर्दी, थोडा खोकला, लस दिल्यानंतरचा एक दिवसाचा कोमट ताप यांत कायमचं थांबवायचं कारण नाही; फार तर एक दिवस चुकवा. पाळणाघरात जाणारं बाळ पावसाळ्यात दर तीन आठवड्यांनी आजारी पडतं. प्रत्येक वेळी आठवडाभर बंद आणि पुन्हा सुरू करायला विसर, असं झालं की ठरलेला कोर्स कागदावरच राहतो. बंद केलेली तारीख कॅलेंडरवर लिहा आणि पुढे चार दिवसांवर "बघणे" असंही लिहा. चुकलेले डोस भरून काढायला दुप्पट देऊ नका. जुलाबात ओआरएस आणि १४ दिवस झिंक चालू असेल, तर जुलाब थांबल्यावर लोह सुरू करताना दोन्ही एकाच वेळी पाजू नका, दोन तासांचं अंतर ठेवा.

तीव्र कुपोषित बाळाचं वेगळं आहे. सुरुवातीच्या आठवड्यात, संसर्ग आवरेपर्यंत आणि भूक परत येईपर्यंत, त्याला लोह देतच नाहीत. वजन वाढायला लागल्यावर देतात, आणि उपचारासाठीच्या तयार आहारात लोह असेल तर वेगळं देत नाहीत. हा निर्णय पोषण पुनर्वसन केंद्रातच व्हावा.

शेवटी बाटली कुठे ठेवायची ते. मिलीला २० मिलिग्रॅमची ५० मिलीची भरलेली बाटली म्हणजे १००० मिलिग्रॅम लोह. किलोमागे २० मिलिग्रॅमपासून विषबाधेची लक्षणं दिसू शकतात, ६०च्या वर जीव धोक्यात येतो. आठ किलोच्या बाळाने ती सगळी प्यायली तर किलोमागे १२५ होतात. सिरप गोड असतं आणि मोठं भावंडही ते पिऊ शकतं. त्यामुळे फ्रिजच्या दारात किंवा ओट्यावर नको, कुलपाच्या कपाटात ठेवा. प्यायलं असा संशय आला तरी थेट मोठ्या रुग्णालयात जा, गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. घरी उलटी काढायचा प्रयत्न करू नका, आणि कोळशाची पूडही लोहाला धरत नाही. आधी उलट्या-जुलाब होतात, कधी रक्ताचे. मग काही तास बाळ बरं वाटतं, खेळतंही, आणि त्यानंतर प्रकृती ढासळते. त्या मधल्या तासांत घरी परत आणू नका. बाटली बरोबर न्या, म्हणजे किती उरलं आहे त्यावरून किती पोटात गेलं ते डॉक्टरांना मोजता येईल.